सल्ला आणि हिशेब : एका नगरीच्या महिला आयोगाची कथा



ह्या ज्ञानसत्रात धर्म, राज्यशास्त्र, वाङ्मय असे थोर थोर विषय मांडले जातात. त्या मानाने आजचा विषय आपणांस किरकोळ वाटण्याचा संभव आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को नावाच्या शहराने स्त्रियांच्या प्रश्नांवर सल्ला देण्यासाठी एक आयोग नेमला, आणि त्या आयोगाने पुढील पंचवीस-तीस वर्षांत काय केले, एवढाच तो विषय. पण ह्या लहानशा विषयाच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. विदुराने धृतराष्ट्राला सल्ला दिला. तो शहाणपणाचा होता. धृतराष्ट्राने तो शांतपणे ऐकूनही घेतला. आणि व्हायचे ते झालेच. विदुराच्या बुद्धीत उणे काही नव्हते. उणीव होती ती ही, की ऐकणाऱ्यावर उत्तर देण्याचे कसलेही बंधन नव्हते. लोकशाहीत आपण समित्या आणि आयोग नेमतो तेव्हा ह्या विदुराचीच स्थापना करीत असतो. तेव्हा सल्ल्याला वजन कशाने येते, हा प्रश्न आपल्याही घरचाच आहे.

प्रारंभ थोडा मागून करतो. १९४७-४८ साली संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता. मसुदा करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षा होत्या अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट. भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसाबाई मेहता. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात आणि पुढे घटना समितीत काम केलेल्या ह्या बाईंचे नाव आपणांस अपरिचित नसावे. मसुद्याच्या पहिल्या कलमातील इंग्रजी शब्दांचा सरळ अर्थ ‘सर्व पुरुष’ असा होत होता. ह्या शब्दात स्त्रियाही आल्याच, असे रूझवेल्टबाईंचे म्हणणे. तर ज्यांना स्त्रियांना वगळावयाचे आहे ते नेमका ह्याच शब्दाचा आधार घेतील, असे हंसाबाईंचे म्हणणे. अखेर शब्द बदलला, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या जाहीरनाम्यात ‘सर्व मानव’ असे आले. हा वाद केवळ एका शब्दाचा नव्हता. ‘सर्वांसाठी’ म्हणून जे केले जाते त्यात स्त्री खरोखर धरलेली असते की ती आहे असे नुसते गृहीत धरलेले असते, हा तो वाद होता. तो ध्यानात ठेवावा, कारण पन्नास वर्षांनी तोच वाद आपल्याला एका शहराच्या रस्त्यावरील दिव्यांपाशी भेटणार आहे.

त्या काळच्या अमेरिकेत स्त्रियांची स्थिती काय होती? १९२० साली त्यांना देशभर मताधिकार मिळाला होता. परंतु १९६३ च्या सुमारास पूर्ण वेळ काम करणाऱ्या पुरुषाच्या हाती जेथे एक डॉलर पडे, तेथे स्त्रीच्या हाती सरासरी एकोणसाठ सेंट पडत. वर्तमानपत्रांत नोकरीच्या जाहिराती ‘पुरुष पाहिजेत’ आणि ‘स्त्रिया पाहिजेत’ अशा दोन निरनिराळ्या रकान्यांत छापल्या जात, आणि बऱ्या पगाराच्या जागा कोणत्या रकान्यात असत हे सांगावयास नकोच. अशा स्थितीत अध्यक्ष केनेडी यांनी १४ डिसेंबर १९६१ रोजी स्त्रियांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. अध्यक्षपद पुन्हा एलिनॉर रूझवेल्ट यांच्याकडेच आले. काम पुरे होण्यापूर्वी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, त्या निवर्तल्या. आयोगाचा अहवाल सादर झाला तो ११ ऑक्टोबर १९६३ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. देशाने नेमला म्हणून राज्यांनीही असे आयोग नेमले, आणि १९६७ पर्यंत पन्नासही राज्यांत ते स्थापन झाले.

आता ह्या आयोगांच्या हाती काय होते? माहिती गोळा करणे, अहवाल लिहिणे, शिफारस करणे. ह्यापलीकडे काही नाही. ह्याचा प्रत्यय लवकरच आला. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने नोकरीत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास बंदी घातली होती. परंतु तो कायदा अंमलात आणण्यासाठी नेमलेले सरकारी मंडळ जाहिरातींच्या त्या दोन रकान्यांना हात लावावयास तयार नव्हते. जून १९६६ मध्ये राज्यांच्या महिला आयोगांची तिसरी राष्ट्रीय परिषद वॉशिंग्टन येथे भरली. कायद्याची अंमलबजावणी करा, असा साधा ठराव मांडावा असे काही प्रतिनिधींच्या मनात आले. त्यांना उत्तर मिळाले की, ह्या परिषदेला ठराव करण्याचा अधिकार नाही! सरकारने बोलावलेल्या पाहुण्यांनी सरकारला बोल लावू नये, हा त्यातला मथितार्थ. तेव्हा भोजनाच्या टेबलाशी बसून बेट्टी फ्रीडन यांनी एका कागदी हातरुमालावर एका नव्या, स्वतंत्र संघटनेचे नाव लिहिले, आणि उपस्थितांपैकी काहीजणींनी पाच-पाच डॉलर वर्गणी काढून ‘राष्ट्रीय महिला संघटना’ उभी केली. नुसत्या सल्ल्याची मर्यादा सल्लागारांनाच ज्या दिवशी कळून चुकली, तो हा दिवस.

ह्या संघटनेच्या तक्रारीवरून पुढे पिट्सबर्ग शहरात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. तेथील नगरपालिकेचा मानवी संबंध आयोग नुसता सल्लागार नव्हता. नोकरीतील भेदभावाविरुद्ध शहराने केलेल्या कायद्यान्वये त्याला आदेश देण्याचा अधिकार होता. त्याने तेथील वर्तमानपत्राला जाहिरातींचे दोन रकाने बंद करण्याचा आदेश दिला. वर्तमानपत्र मुद्रणस्वातंत्र्याचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि जून १९७३ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने कौल दिला. पन्नास राज्यांच्या सल्लागार आयोगांना जे साधले नाही, ते एका शहराच्या लहानशा आयोगाने साधले. कारण त्याच्या हाती अधिकार होता. स्थानिक संस्था म्हटली की आपण गटारे आणि घरपट्टी ह्यांपुढे जात नाही. परंतु नागरिकाचा रोजचा संबंध राजधानीशी येत नसून नगरपालिकेशीच येतो, हे विसरून चालणार नाही.

आता आपण मूळ कथेकडे येऊ. १९७५ हे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेल्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नगरसभेने ठराव करून आपला महिला आयोग स्थापन केला. महापौरांनी नेमलेले सात सभासद आणि नगरसभेला सल्ला देण्याचे काम, असे त्याचे स्वरूप होते. ह्या काळात घराच्या चार भिंतींआड होणारी मारहाण हा विषय नुकताच उघड बोलला जाऊ लागला होता. १९७६ साली त्याच शहरात, नवऱ्याच्या मारामुळे घर सोडावे लागलेल्या स्त्रियांसाठी ‘ला कासा दे लास माद्रेस’, म्हणजे ‘मातांचे घर’, ह्या नावाचे आश्रयस्थान निघाले. १९८० साली कॅलिफोर्निया राज्याने असा कायदा केला की, विवाहाच्या परवान्यासाठी जे शुल्क भरावे लागते त्यात भर घालून ती रक्कम अशा आश्रयस्थानांना द्यावी. लग्नाच्या मांडवातूनच मोडलेल्या संसाराच्या निवाऱ्यासाठी वर्गणी काढण्याची ही कल्पना प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. थोडा विचार केला म्हणजे तीतील न्याय पटतो. शहराने अशा कामांसाठी दिलेले अनुदान संस्थांना वाटण्याचे आणि त्यावर देखरेख ठेवण्याचे काम पुढे महिला आयोगाकडे आले. सल्लागाराच्या हाती थोडा पैसा आला, आणि त्याबरोबर थोडे वजनही आले.

तथापि ठरावाने जन्मलेली संस्था ठरावानेच मरू शकते. म्हणून १९९४ साली हा प्रश्न थेट मतदारांपुढे नेण्यात आला आणि त्यांनी आयोगाला व त्याच्या कचेरीला शहराच्या कारभारात कायमचे स्थान दिले. नंतर आली ती खरी महत्त्वाची घटना. स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नाहीसे करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रसंघाने १८ डिसेंबर १९७९ रोजी संमत केला होता. अमेरिकेने १९८० साली त्यावर सही केली. पण तिच्या सिनेटने त्याला मान्यता दिलेली नाही, ती आजतागायत नाही. आपल्या भारताने तो १९९३ साली, काही मुद्दे राखून का होईना, स्वीकारला. सॅन फ्रान्सिस्कोतील स्त्री-संघटनांनी आणि आयोगाने असा विचार केला की, देश करीत नाही तर शहराने का करू नये? एप्रिल १९९८ मध्ये नगरसभेने त्या कराराची तत्त्वे शहराचा कायदा म्हणून स्वीकारली. अमेरिकेत असे करणारे हे पहिलेच शहर.

ह्या कायद्यात मोठमोठ्या घोषणा असत्या तर मी आपला वेळ घेतला नसता. त्यातील मर्माची गोष्ट अगदी रूक्ष आहे. शहराच्या खात्यांनी आपले अंदाजपत्रक, आपल्या सेवा आणि आपली नोकरभरती ह्यांची स्त्री-पुरुष अशा भेदाने तपासणी करावयाची. ह्या कामासाठी जे आकडे ठेवले नसतील ते ठेवावयाचे. जेथे विषमता दिसेल तेथे ती दूर करण्याचा आराखडा तयार करावयाचा. आणि हे सारे आयोगापुढे मांडावयाचे. म्हणजे झाले काय? आजवर आयोग सल्ला देत होता आणि खाती ऐकून घेत होती. आता आयोग हिशेब मागू लागला आणि खात्यांना तो द्यावा लागला. विदुराच्या हाती खतावणी आली!

१९९९ साली पहिली दोन खाती तपासणीस घेतली गेली : एक सार्वजनिक बांधकाम खाते आणि दुसरे बालगुन्हेगारांच्या देखरेखीचे. बांधकाम खात्यातील मंडळींना पडलेला प्रश्न आपल्याही मनात आला असेल. रस्ता तो रस्ता. त्यात स्त्रियांचा रस्ता आणि पुरुषांचा रस्ता असा भेद कोठून आणावयाचा? दिवा लागला म्हणजे तो सर्वांसाठीच लागतो! हंसाबाईंना पन्नास वर्षांपूर्वी मिळालेले उत्तर हेच नव्हते काय? ‘सर्व’ म्हटल्यावर त्यात स्त्रिया आल्याच! परंतु तपासणी सुरू झाली तेव्हा दोन दिव्यांमधील अंतर ठरविताना, त्या मधल्या काळोखातून रात्रपाळी संपवून एकटी घरी जाणारी बाई हा विचारही करावा लागतो, हे पुढे आले. पदपथाची कड उतरती असावी की नाही, हा प्रश्न अपंगांच्या चाकाच्या खुर्चीइतकाच लहान मुलाची बाबागाडी ढकलणाऱ्या आईचाही आहे, आणि ती गाडी दिवसाचे बारा तास कोण ढकलते, हे सांगावयास आकड्यांची जरुरी नाही. शिवाय अभियंत्यांच्या आणि बांधकाम-कारागिरांच्या जागांवर स्त्रिया किती थोड्या आहेत, हेही खात्याला आपल्याच नोंदींत वाचावे लागले.

दुसऱ्या खात्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. बालगुन्हेगारांसाठीची सारी व्यवस्था मुलगे डोळ्यांपुढे ठेवून उभारलेली होती, कारण त्यांची संख्या मोठी. मुलींचे ह्या वाटेला येणे बहुधा निराळ्या कारणांनी होते. घरातील अत्याचार, घरातून पळून जाणे ही त्यातली प्रमुख. त्यांच्यासाठी निराळी सोय जवळजवळ नव्हतीच. ह्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. ज्याची मोजणी होत नाही ते कोणाला दिसत नाही, एवढेच. मोजणी झाली तेव्हा मुलींसाठी निराळी सेवा पाहिजे ही गोष्ट खात्यालाच मान्य करावी लागली.

ह्यावरून सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. ऑक्टोबर २००० मध्ये त्याच शहरात एका तरुण स्त्रीचा तिच्या पूर्वीच्या सोबत्याने खून केला. त्या स्त्रीने पोलिसांकडे धाव घेतली नव्हती असे नाही. वारंवार घेतली होती. आयोगाने शहराच्या संबंधित खात्यांची चौकशी करून २००२ साली अहवाल दिला. त्यातून निघाले ते असे की, पोलीस, सरकारी वकील आणि गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारे खाते ह्यांच्या नोंदी एकमेकांपर्यंत पोहोचतच नव्हत्या. प्रत्येकाच्या दप्तरी एकेक तुकडा होता. धोक्याचे पुरे चित्र कोणाच्याच समोर नव्हते. हा अहवाल देऊन आयोग घरी बसला नाही. शिफारशींचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी देखरेख-मंडळ नेमण्यात आले आणि त्याने वर्षानुवर्षे खात्यांचा पाठपुरावा केला. गेलेली स्त्री त्यामुळे परत आली नाही. परंतु तिच्या मरणाची नोंद केवळ न्यायालयाच्या निकालपत्रात न राहता शहराच्या कारभाराच्या हिशेबात झाली, ही गोष्ट सामान्य नव्हे.

ह्या पद्धतीवर आक्षेपही आहेत, आणि ते दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एक आक्षेप असा की, खात्यांनी आपणच आपली तपासणी करावयाची म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका तपासण्यासारखे आहे. दुसरा असा की, खाती पुष्कळ, आयोगाची कचेरी लहान; दरसाल एखाददुसरे खाते घ्यावयाचे म्हटले तर सर्वांची पाळी केव्हा यावयाची? आणि तिसरा, सर्वांत खरा : आकडे मांडल्याने लाज वाटते हे खरे, पण लाज वाटण्यासाठी आधी लाज असावी लागते. हे तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. तथापि त्यांतून हिशेब मागू नये असे सिद्ध होत नाही. अधिक कसून मागावा, एवढेच सिद्ध होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरिकांनी तोच मार्ग धरला. शहराच्या निरनिराळ्या मंडळांवर नेमणुका करताना त्या शहराच्या लोकसंख्येचे प्रतिबिंब त्यांत पडावे, असे धोरण मतदारांनी जून २००८ मध्ये मंजूर केले आणि त्याची ठरावीक काळाने मोजदाद करण्याचे काम महिला आयोगाच्या कचेरीवर सोपविले.

आता शेवटी आपल्या घरी येऊ. स्त्रियांनी नगरपालिकेला जाब विचारणे ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला आणि ती सक्ती तूर्त मुलांपुरतीच ठेवावी, मुलींचे पुढे पाहू, असा विचार बळावू लागला, तेव्हा रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रिया सभा भरवून आणि मोर्चा काढून रस्त्यावर आल्या होत्या. १९२३ साली मुंबई महापालिकेत पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्री सभासदांत अवंतिकाबाई गोखले होत्या. आकड्यांचा धडाही आपण घेतलेला आहे. भारत सरकारने १९७१ साली नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने आपला ‘समानतेकडे’ ह्या अर्थाच्या नावाचा अहवाल पूर्ण केला, आणि स्वातंत्र्यानंतर सारे काही सुधारत आहे असे समजणारे सुशिक्षित लोक चरकले. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ साली त्या ९३० उरल्या होत्या. शिरगणतीच्या पुस्तकांत हे आकडे होतेच. कोणी हिशेब मांडला नव्हता.

१९९३ पासून अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि २०११ साली महाराष्ट्राने ते प्रमाण निम्म्यावर नेले. महिला व बालकल्याण समित्या आपल्या नगरपालिकांत आहेत, त्यांच्यासाठी तरतूदही असते. मग अडते कोठे? अडते ते असे की, स्त्रियांचा प्रश्न ह्या एका समितीच्या दाराशी नेऊन सोडला म्हणजे बाकीची खाती मोकळी झाली, अशी समजूत रूढ होते. समितीने शिलाई यंत्रे वाटावीत, सायकली वाटाव्यात, मार्चमध्ये महिला दिनाचा समारंभ करावा. रस्ते, पाणी, दिवे आणि बाजार ह्यांच्याशी तिचा काय संबंध? शिलाई यंत्र वाईट नाही. परंतु घरातील बाईला हळदीकुंकवाला मान द्यावा आणि घराचा हिशेब मात्र तिला दाखवू नये, असा हा प्रकार आहे.

संबंध कसा असतो ते मुंबईच्या काही कार्यकर्त्या स्त्रियांनी दाखवून दिले. २०११ साली त्यांनी सार्वजनिक मुताऱ्यांची पाहणी केली. पुरुषांना लघवीसाठी पैसे पडत नव्हते. स्त्रियांकडून ते घेतले जात होते, आणि त्यांच्यासाठी सोय मुळातच तोकडी होती. दिवसभर भाजी विकणारी बाई तहान लागली तरी पाणी पीत नाही, हा आरोग्याचा प्रश्न आहे, घनकचऱ्याचा आहे, बाजार-खात्याचा आहे. नुसता महिला-समितीचा नाही. त्या स्त्रियांनी आधी मोजले आणि मग मागितले. सातासमुद्रापलीकडील आयोगाने जे केले तेच हे.

म्हणून माझी आपणांस एकच विनंती आहे. पुढील अंदाजपत्रकाच्या वेळी स्त्रियांसाठी किती रुपये ठेवले, एवढाच प्रश्न विचारून थांबू नका. उरलेले सारे रुपये कोणाच्या वाटेने जातात, हे विचारा. दिवे कोठे बंद आहेत, नळाला पाणी किती वाजता येते आणि त्या वेळी जागे कोण राहते, बाजारात स्त्रियांसाठी मुतारी आहे काय आणि असल्यास तिला कुलूप का, हे विचारा. आणि उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. सल्ला ऐकून मान डोलावता येते. हिशेब मागितला म्हणजे वही उघडावीच लागते.